सुमनच्या सायकलीचा दांडा

२ जाने. ७१, शनि.
भंगारातून सायकलीचा सांगाडा आणला. पोपटी ऑइलपेंटचे थरावर थर. सुमनला वस्तीवरच्या शाळेत मास्तरणीची ऑर्डर आलीय, १८ला हजर व्हायचं. तिकडं एस्टी नाही. मधला दांडा कापून खाली जोडला की लेडीज सायकल तयार, साडीतही चालवता येईल. तिला शब्द दिला. खुश आहे.

५, मंगळ.
ड्यूटीवरून आलो की रंग खरवडतो. पोपटीखाली आकाशी निघाला. काय रंग आहे! सांध्यांवर बदामाच्या आकाराची भोकं कोरलेली. आई म्हणाली, "सायकल हाय का देव्हारा?"

८, शुक्र.
गफूरभाईच्या सायकलीच्या दुकानात. पायडलच्या आसाची उजवी वाटी निघेना. आपल्या सायकलींना त्या बाजूचे आटे उलटे, म्हणून दोघं पान्याला लोंबकळून उलटंच फिरवत बसलो. ती आणखीच घट्ट! वैतागून सुलटी फिरवली, तर सुटली. पुसल्यावर बारीक अक्षरं दिसली : इटालिया.
गफूरभाई म्हणाला, "व्हय की! एक इटलीचा पाद्री रेसच्या सायकलीवरून जायचा बगा, लई जोरात." त्याचीच असेल. नसेलही. इतकी हलकी, एका हातानं उचलते. घरी येईस्तोवर शीळ घालत होतो.

११, सोम.
गफूरभाईनं दांड्यावर खडूनं खूण केली. करवत घेतली. म्हटलं, उद्या.

१२, मंगळ.
आजही उद्याच म्हटलं.

१४, गुरु. संक्रांत.
सुमननं तिळगूळ हातावर ठेवला. "दांडा कापला?"
"अगं, इटलीची आहे ती."
"अहो, मला शाळेत जायचंय. इटलीला नाही."
बरोबर आहे तिचं. माझाच जीव अडकलाय. कुणाला सांगणार, लोखंडावर जीव जडला म्हणून.

१६, शनि.
मन घट्ट करून दुकानात गेलो. चाकं, हँडल गफूरभाईकडची जुनीच बसवली. करवत लावणार तोच सुमन आली. कोरलेल्या बदामांवरून बोट फिरवलं.
"यातले किती जाणार?"
"दोन्ही सांध्यांवरचे."
"राहू दे. तुमचं तोंड बघवत नाही." मग हळूच, "तुमचा पायजमा मला आखूड करून घेते."
गफूरभाई दुसरीकडं बघून हसत होता. लग्नाला तीन वर्षं झाली, ही बाई मला आज कळली.

१७, रवि.
मळ्याच्या रस्त्यावर सराव. माझा पायजमा, माझाच शर्ट, वर अंबाडा. माहेरी भावाची चालवायची, म्हणून चटकन जमलं. एकदा पडली. मी आधी सायकलीला काही झालं का ते बघितलं. ते तिनं बघितलं.
शाळेचा रस्ता बाजारपेठेतून जातो. आईला अजून पायजम्याचं सांगितलेलं नाही. तू सांग, तुम्ही सांगा, असं चाललंय.

१८, सोम. सकाळ.
सायकल ओट्याशी, हवा भरून तयार. आकाशी रंग उन्हात बघत राहावा असा. शेजारणींना बोलावून आई कुंकवाचा करंडा घेऊन उभी आहे. सूनबाई नोकरीला निघाली म्हणून सायकलीला आणि तिला, दोघींना लावायचंय म्हणते.
सुमन आत कडी लावून आवरतेय. साडी इथं खुंटीवर तशीच आहे.
कडी वाजली.