टेकलेला हात

२ मार्च

पुन्हा हात टेकला! कितीदा सांगायचं? दमली की धाकटी वाकते, एक हात मॅटवर टेकवते आणि खुशाल श्वास घेते. हौशी सामन्यांत चालून गेलं – तिथे डोक्यात गुडघा घालायला बंदीच, कोपरालाही बंदी. आता पहिला प्रो एमएमए सामना. तिथे डोक्यात गुडघा चालतो, फक्त खाली पडलेलीला नाही; आणि नुसता हात टेकलेलीला उभीच धरतात. म्हणजे हिचं डोकं खाली, समोरचीचा गुडघा वर, आणि पंच बघत राहणार. सगळं नियमात!

समोर आहे ती जिराफ. नाव तिचं आम्ही घेतच नाही. गेल्या सामन्यात तिने एकीचा जबडा असाच मोडला. व्हिडिओत मॅटवर पडलेला दात दिसतो.

मी आधी कोच, मग बहीण. ही खोड मोडलीच पाहिजे. नाहीतर ती बया हिचं डोकं फोडेल.

४ मार्च

बोलून उपयोग नाही. आजपासून हात टेकला की डोक्यात गुडघा. माझ्या गुडघ्याला जाड पॅड, तिला हेल्मेट. पहिल्याला हसली. दुसऱ्याला नाही.

७ मार्च

नाक फुटलं. रक्त पुसलं, पुन्हा उभी केली. चिडून माझ्या बरगडीत अशी लाथ घातली की आता शिंकताना जीव जातोय. शाबास! पण थोड्या वेळाने परत हात खाली. मी पॅड काढून फेकलं.

८ मार्च

आईने जिममध्ये येऊन तमाशा केला. सख्ख्या बहिणीला असं मारतात का, राक्षसीण आहेस नुसती – सगळ्यांसमोर! मी म्हटलं, "मी नाही मारलं तर ती जिराफ मारेल. आणि तिला हिची माया नाही."

 आई गोठलेल्या मटारची पिशवी धाकटीच्या डोळ्यावर धरून बसून राहिली.

११ मार्च

आज हेल्मेटही काढलं. ते आहे म्हणूनच बाईसाहेब निर्धास्त! एकच गुडघा, कानाच्या वर. धपकन बसली, डोळे पांढरे. घाबरले मी, खोटं कशाला लिहू. मग उठली. "ताई, आता नाही टेकणार," म्हणाली. आणि खरंच टेकला नाही.

१५ मार्च

धाकटी सामन्यासाठी वजन उतरवतेय. खात नाही, दुपारभर झोपते, चिडचिड करते. सगळ्यांचं असंच होतं.

२२ मार्च

जिंकली!!!

दुसऱ्या फेरीत दमली, वाकली, हात खाली निघाला – आणि मध्येच वर वळून जिराफच्या मानेभोवती अडकला! मग वाकली ती जिराफ. हात टेकला तिने! धाकटीने गुडघा असा घातला की ओला आवाज आला. नाकाचं हाड गालाकडे सरकलं. पंच मध्ये पडला. मला आनंद झाला, भयंकर आनंद.

धाकटीच्या डोक्याला एकही गुडघा, एकही कोपर लागलं नाही. सगळं हातांवर झेललं. आईने मला कुशीत घेतलं. तुझंच बरोबर होतं म्हणाली.

२३ मार्च

सकाळी हातातून कप पडला. उलटी. मग तिला शब्दच सापडेनात. हॉस्पिटल. डोक्यात रक्त साकळलंय, लगेच ऑपरेशनला नेलं. बाहेर बसून व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतेय. जिराफने कुठे मारलं? कुठे?

२४ मार्च

अजून शुद्ध नाही. मी डॉक्टरांना विचारलं, परवाच्या सामन्यातलंच ना?

"परवाचं नाही हे. रक्त जुनं आहे. दोनएक आठवड्यांचं तरी."

आई माझ्या शेजारीच उभी होती.