साहेबांसाठी चिकटवलेलं पाकीट

आई,

तुला जाऊन तीस वर्षं झाली आणि तुला लिहायला मी आज पहिल्यांदा बसले आहे. तू असतीस तरी हे तुला कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचून दाखवणाऱ्यासमोर यातलं अर्धं मला लिहिता आलं नसतं. आता मध्ये कोणी नाही. हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मला भीती वाटतेय. शेवंतीच्या दोन पाट्या निवडायच्या पडल्यात आणि मी पेन धरून बसलेय.

तुझी नात दीड वर्षाची होती तेव्हा तू गेलीस. तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली. मुलगा अमेरिकेत जन्मलेला, तिथलाच नागरिक, पण मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या घरचा. मराठी बोलतो, पण नवी चप्पल घालून चालावं तसं, जरा चावत चावत. लग्न झालं म्हणजे मुलगी सासरची झाली, असं आपल्याकडे; तिथल्या सरकारचं तसं नाही. आपण गुलाबाला कलमाचा डोळा भरतो आणि पट्टी बांधून ठेवतो, धरलाय की नाही बघायला, तशी ते लग्नाला दोन वर्षं पट्टी बांधतात. राहायचं कार्ड देतात, पण अट घालून. कारण नुसतं कागदासाठी लग्न करणारेही असतात म्हणे. दोन वर्षं पुरी होत आली की नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा, पुरावे जोडायचे आणि सांगायचं की आमचं लग्न खरं आहे, आता अट काढा. ती पट्टी सोडायच्या अर्जाला अडीच वर्षं झाली, आई. अजून उत्तर नाही.

मध्ये एक पत्र आलं, की अर्ज पोचला, तोवर जुनं कार्ड चालू धरू. म्हणजे कार्डावर तारीख संपलेली आणि सोबत एक कागद, की संपलेली समजू नका. तो कागद घेऊन पोर हिंडते. नोकरीच्या ठिकाणी नवा माणूस आला की विचारतो, हे काय? गाडीच्या लायसन्सच्या वेळी खिडकीतल्या बाईनं तिला दोनदा परत पाठवलं. त्या कागदावर इकडे येताही येतं, पण परत जाताना विमानतळावर कोण भेटेल या धाकानं ती अडीच वर्षं घरी आलेली नाही. मला म्हणते, "आई, सगळ्यांचंच लांबतंय. लाखो फायली पडल्यात. तू उगाच जीव खाऊ नकोस." रोज सकाळी तिचा फोन येतो, तिथली संध्याकाळ असते. मी विचारते, "आलं का गं काही?" ती म्हणते, "नाही गं." मग आम्ही दोघी भाजीबद्दल बोलतो. मी फोन ठेवते आणि मनात म्हणते, सगळ्यांचं लांबत असेल, पण सगळ्यांच्या आयांनी माझ्यासारखं केलेलं नसेल.

काय केलं ते सांगते. पण आधी तुझं सांगायला हवं, कारण मुळात ते तुझ्यामुळे झालं.

माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. ह्यांच्याशी कशावरून तरी वाजलं. कशावरून ते आता आठवतही नाही, बहुतेक गजरे बांधायला मला मागे बसवलं आणि मोठ्या जाऊबाईंना पुढे, असलं काहीतरी. मी तडक सिन्नरची एसटी धरून तुझ्या दारात. तू चुलीपुढे बसलीयेस, भाकरी थापतेयस. मान वर न करता म्हणतेस, "एकलीच आलीस?" मी म्हटलं, "हो." तू म्हणालीस, "मग दोन भाकरी जास्ती टाकते." बस. आठ दिवस तू मला काही विचारलं नाहीस. जेवायला घातलंस, डोक्याला तेल लावलंस. नवव्या दिवशी म्हणालीस, "चल, लुगडं बदल." मला वाटलं देवळात निघालो. तू मला सासरी घेऊन आलीस, आणि ओट्यावर न बसता उभ्या उभ्या माझ्या सासूबाईंना, दिरांना, पाणी भरायला आलेल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंस, "माझी पोरगी रुसून आली व्हती. आठ दिस माझ्याकडं व्हती. पाव्हणी म्हणून नाय, रुसून. आता आणून सोडली. कोणाला काय बोलायचं आसंल तर आत्ता बोला, मागून नाय." सासूबाईंना हसूच आलं. म्हणाल्या, "विहीणबाई, आम्ही गावात सांगितलं होतं की तुम्ही आजारी आहात." तू म्हणालीस, "मी? मी लय टणक हाय." आणि चहा न घेता गेलीस.

मी लाजेनं मेले होते. संध्याकाळी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पण त्यानंतर या गोष्टीवरून मला कोणी टोमणा मारला नाही, कारण टोमण्याला काही उरलंच नव्हतं. जाताना वेशीपाशी तू मला म्हणाली होतीस, "झाकलेलं दूध नासतं ते दिसत नाय, म्हणून लोकं झाकलेल्याचाच वास घेत्यात." मी ते गाठीला बांधून ठेवलं. शाळा माझी चौथीपर्यंतची. पुढचं जे काही वाचायला शिकले ते फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दीतून. पण शहाणपण म्हणून जे धरलं ते तुझंच.

तर अर्जाच्या वेळी जावयानं सांगितलं, की ओळखीच्या माणसांची पत्रं जोडायची असतात, हे लग्न खरं आहे हे तुम्हाला कसं माहीत ते लिहायचं. "आई, तू पण एक लिही ना. छोटा." मी म्हटलं, छोटा कशाला, व्यवस्थित लिहिते. चार पानं लिहिली. खोडाखोड न करता. आणि त्यात मी लिहिलं, की साहेब, लग्न खोटं असतं तर दोघं पाहुण्यासारखी गोड गोड राहिली असती. ही दोघं भांडली. पहिल्याच वर्षी माझी मुलगी रुसून दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे गेली आणि दोन महिने तिथे राहिली. जावई दर शनिवारी सहा तास गाडी चालवून तिच्या दारात जाऊन बसायचा. दार उघडलं नाही तर गाडीत बसून डबा खायचा आणि परत जायचा. शेवटी तिनं उघडलं. साहेब, खोट्या लग्नासाठी एवढं पेट्रोल कोण जाळतं?

मला ते फार आवडलं होतं गं. कोर्टाबाहेर टायपिंग करून देणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांनी इंग्रजी करून दिलं. टाइप करता करता चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हे दोन महिन्यांचं ठेवायचं का?" मी म्हटलं, "तेच तर मुख्य आहे." त्यांनी मान हलवली आणि टाइप केलं. वकिलाचा शिक्का घेतला. मग मी काय करावं? पाकिटाला खळ लावून चिकटवलं आणि वर लिहिलं, फक्त साहेबांसाठी. पोरीला फोनवर सांगितलं, "उघडू नकोस बरं. साक्षीदाराचं पत्र साहेबानंच उघडायचं असतं." असं कोणी मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, रीत असणार. पाकीट पोचलं तेव्हा अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. ती हसली, म्हणाली, "आई म्हणजे ना." आणि तसंच फायलीत घालून पाठवून दिलं.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांचा भाचा तिकडेच. गप्पांत त्या सहज बोलून गेल्या, "भाच्यानं तर वकील लावला होता बाई. वकिलानं पहिलीच गोष्ट सांगितली, वेगळं राहिल्याचं चुकूनसुद्धा कुठे लिहू नका. तेवढं दिसलं की ते म्हणतात खोटं लग्न, निघा." माझ्या हातात वाणाची ताटली होती. मी ती खाली ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले, ती बराच वेळ आतच राहिले.

तेव्हापासून दोन वर्षं मी ही गोष्ट घेऊन जगतेय. पहाटे फुलं खुडताना डोक्यात तेच. गोऱ्या साहेबाच्या टेबलावर माझं पाकीट, त्यानं ते उघडलंय, त्या ओळीवर बोट ठेवलंय. फोन वाजला की वाटतं, आलं, आता परत पाठवतायत. कधी वाटतं, पाठवू देत, पोर माझ्याजवळ येईल. मग स्वतःचीच लाज वाटते. तिचं घर तिथे आहे. तिनं दार उघडलं होतं, ते स्वतःहून.

आणि परवा ते आलं. मुलाखतीला बोलावलंय, दोघांना, येत्या आठवड्यात. पोर फोनवर हसत होती, पण तिचं हसू मला कळतं. बोर्डाच्या निकालाआधी ती अशीच हसत होती. म्हणाली, "आई, आम्ही प्रॅक्टिस करतोय. तो मला विचारतो, माझा ब्रश कोणत्या रंगाचा. मला आठवेचना! निळा गं, रोज बघते मी." मी म्हटलं, "अजून काय विचारतात?" ती म्हणाली, "कधी वेगळे राहिलात का, हे विचारतात म्हणे. ते आम्ही ठरवलंय, नाही म्हणायचं. मैत्रिणीचं घर तिच्या नावावर, माझं काही तिथे नव्हतं. कुठे कागदच नाही त्याचा."

कागद आहे, आई. माझ्या सहीचा, शिक्क्याचा.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं काय, तर "जेवलीस का?" दोन दिवस झाले. काल फोन आला तेव्हा मी पाण्याची मोटार चालू आहे, ऐकू येत नाही, असं सांगून ठेवून दिला. मोटार बंद होती. मला दिसतंय, साहेब विचारतो आणि माझी मुलगी त्याच्या डोळ्यात बघून नाही म्हणते, आणि तो समोरची फाईल उघडतो. नुसतं वेगळं राहणं एक वेळ चालून गेलं असतं. खोटं बोलताना पकडलं जाणं कोण चालवून घेईल? सांगितलं नाही तर मी तिला स्वतःच्या हातानं खड्ड्यात लोटतेय. सांगितलं तर अडीच वर्षं तिचा जीव टांगलेला होता तो माझ्यामुळे, हे तिला कळेल. माझी लाडकी एकुलती एक. तिला माझा राग आला तर मी कोणाकडे बघायचं? तू असतीस तर लुगडं बदल म्हणाली असतीस आणि मला धरून नेलं असतंस. मला धरून नेणारं कोणी नाही.

इथे थांबते. फोन लावते. तिथे आता संध्याकाळ झाली असेल.

लावला.

सगळं सांगितलं. एका दमात, मध्ये श्वास घेतला असता तर थांबले असते. मग ती म्हणाली, "आई, तू काय केलंस?" ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला न विचारता? माझं भांडण तू सरकारला लिहून कळवलंस? आणि दोन वर्षं गप्प?" मी म्हटलं, "हो." मग फोनवर जावई आला. तिनं त्याला इंग्रजीत काय काय सांगितलं, तेवढा वेळ मी खांबासारखी उभी. तो म्हणाला, "आई, सहा तास नाही. साडेपाच." मला कळेना हसावं की रडावं. मग गंभीर होऊन म्हणाला, "मग आता आपण खरा सांगायचा. दोघं. तेच सोपा आहे." मागून पोरीचा आवाज आला, "सोपा म्हणे! त्या दोन महिन्यांचं मी काय सांगू त्यांना?" तो म्हणाला, "जे झाला ते." मग ती दोघं आपसात बोलायला लागली, मला विसरून. फोन माझ्या कानाला तसाच.

साहेब काय म्हणेल, कोणालाच माहीत नाही. जावयालाही नाही, तो नुसता धीर देतो. ठेवण्याआधी पोर एवढंच म्हणाली, "उद्या करते फोन." करेल. नाही केला तर मी करीन.

एक तेवढं सांगायचं राहिलं. मध्येच तिनं विचारलं होतं, "हे असलं लिहायचं तुला सुचलं कुठून?" आणि मी घाबरून तुझ्यावर ढकललं. म्हटलं, "तुझी आजी स्वप्नात आली होती, तिनं सांगितलं." आजीचं काही आलं की ती गप्प होते, तिला तू आठवत नाहीस ना.

तू माझ्या स्वप्नात कधीच आलेली नाहीस, आई. तीस वर्षांत एकदाही नाही.