खिरीची पहिली वाटी

पौर्णिमा, संध्याकाळ

दुपारपासून एकच प्रश्न डोक्यात. येशूला देव मानणं सुरू कसं झालं? वाचलं ते असं, की सिद्धान्त मागाहून ठरले. त्याच्या नावाने प्रार्थना, गाणी, सहभोजनं आधीच चालू होती. तीही एकाच देवाला मानणाऱ्या ज्यूंमध्ये! कसं जमलं असेल त्यांना?

आत्ताच आईने खीर केली. पहिली वाटी बुद्धमूर्तीपुढे. आणि हीच आई वस्तीभर सांगते, बुद्ध देव नाही, माणूस.

विचारलंच. "मग वाटी काहून वं, आई?"

"देव नाहीच ते. पण त्याइच्या आधी खाल्लेलं माह्या घशाखाली उतरत नाही."

येशूला मानणाऱ्या त्या पहिल्या ज्यूंनीही असंच काही उत्तर दिलं असेल?

मी तर काहीच मानत नाही. तरी ती वाटी ठेवून होईपर्यंत माझा चमचा हातातच थांबला होता.