समारोपाखालचा शेरा

ता. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू हसशील, पण मला आमच्या वहीची भीती वाटते. वर्गात गटानं निबंध लिहायचा होता. आमचा चौघींचा गट. प्रत्येकीची शाई वेगळी. एकीनं लिहायचं, बाकीच्यांनी समासात शेरे मारायचे. हिरवी शाई चिमणीची, समारोपही तिचाच. तो वाचून मी नाक मुरडलं, पुन्हा लिही म्हटलं. त्यासाठीच ती ग्रंथालयात निघाली आणि वाटेत गाडीनं तिला उडवलं. ती गेलीच. मी तिला पुन्हा लिही म्हटलं होतं, हे कुणालाच सांगितलेलं नाही.

महिना झाला, तरी वहीत नवे हिरवे शेरे दिसतायत. वही आळीपाळीनं घरी नेताना लंबू आणि गोगलगाय, दोघींचे चेहरे उतरतात. मी तर ती कपाटात कोंडून ठेवते. तू छापखान्यात मुद्रितं तपासतेस, अक्षर ओळखशील. वही सोबत पाठवतेय. पंधरा तारखेला द्यायचीय, तेवढं बघ.

तुझीच,
बडबडी

ता. ९ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

वही परत पाठवली आहे. नवे शेरे तीन. पहिला तुझा आहे, लबाडे! तुझा हात धरून अक्षर मीच गिरवून घेतलंय. उरलेले दोन निराळ्या हातांचे. म्हणजे तिघी मिळून एकमेकींना घाबरवताय आणि बोलायची एकीचीही छाती नाही. एकत्र बसा. समारोपाचं आधी सांग, मनात ठेवू नकोस. मी तीस वर्षं लोकांच्या चुका दाखवतेय. तू तेवढंच केलंस गं. वेळेवर जेवत जा.

माया आहेच,
मावशी

ता. १४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. चिमणी वहीतून गेली असं वाटू नये म्हणून मी एक शेरा लिहिला होता. त्या दोघींनीही त्याचसाठी एकेक लिहिला आणि दुसरीचा बघून गारठल्या. मग मी समारोपाचं सांगितलं. लंबूनं मला जवळ घेतलं. तिघी पोटभर रडलो. उद्या चौघींची नावं घालून वही देऊ. समारोप चिमणीचा होता तसाच ठेवलाय.

पण त्याच्याखाली आता चौथा शेरा आहे. हिरवाच. ‘घाईत लिहिला होता. तुझं बरोबर होतं. राग नाही.’

आम्हा तिघींपैकी कुणीही तो लिहिलेला नाही. वही तुझ्याकडून आली तेव्हाच तो तिथं होता. तोवर माझी गोष्ट फक्त तुला ठाऊक होती, आणि वहीही तुझ्याकडेच होती. मावशी, तो तू लिहिला असशील तर मला कधीच कळवू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे,
बडबडी