अर्ध्या तासाचं बोलणं

ओंदो,
१५ नोव्हेंबर १९८८

ती. हात्सुकोताईस,
धाकट्या मित्सुएचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस, कालवं फोडून बोटं सुजलीत.

घटस्फोटाचा अर्ज दिला. हो, मीच. इतकी वर्षं भिंतीशी संसार केला. आईला पोचवून परत आले, तर ह्यांनी आई कशी गेली एवढंसुद्धा विचारलं नाही. तेव्हाच ठरवलं. आता कालवांच्या शेडवर वरच्या खोलीत राहते.

काल कोर्टात पहिली तारीख झाली. वाटलं होतं समोरासमोर बसवतील, चार शब्द सुनावीन. तसलं काही नाही. नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या. मधे दोघं मध्यस्थ, एक म्हातारे आणि एक बाई. अर्धा तास माझं ऐकायचं, मग मला बाहेर काढून अर्धा तास त्यांचं. मी सांगितलं, त्यांचाही वेळ मलाच द्या, ते काही तोंड उघडायचे नाहीत. तर परत आत गेल्यावर म्हातारे म्हणाले, बाई, तुमच्या यजमानांना वेळ पुरला नाही. आणि त्यांनी विचारलंय, गुडघा कसा आहे.

ताई, माझा गुडघा दुखतो हे त्या माणसाला ठाऊक आहे! घरात विचारलं असतं तर मेली जीभ झडली असती?

मुळ्याचं लोणचं पोचलं. खारट झालंय. तरी संपलं, पाठवत राहा.

तुझी,
मित्सुए


निमी,
२ डिसेंबर

चि. मित्सुएस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

लोणचं खारट, तर संपलं कसं गं?

आई सांगायची, ही पोरगी नऊ महिनेसुद्धा थांबली नाही. तुझ्यापुढे शिगेतोसारख्या नवऱ्यानं बोलावं कधी? त्यानं तोंड उघडेपर्यंत तुझी चार वाक्यं झालेली असतात. मीसुद्धा म्हणून पत्रातच बोलते.

इथल्या वकिलाला विचारलं. अर्ज तुझा, तो मागे घेणं तुझ्या हातात. नको म्हणालीस की झालं, तिथंच मिटतं. पण दोघांनी हो म्हटलं आणि न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, की मग फिरता येत नाही. रागावू नकोस, विचार कर. गुडघ्याला ऊब दे.

माया आहे म्हणून बोलले,
ताई


ओंदो,
२० जानेवारी १९८९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डिसेंबरच्या तारखेला त्या मध्यस्थ बाईंनी आणखी एक सांगितलं. आईचं करून मी आले त्या दिवशी हे स्टेशनवर आले होते. मी रडताना दिसले, काय बोलावं सुचेना, म्हणून सायकल मारत पुढे घरी गेले आणि न्हाणीचं पाणी तापवून ठेवलं. पाणी गरम होतं, ताई. मला वाटलं, स्वतःसाठीच तापवलं असेल.

मग तुझं ऐकायचं ठरवलं. अर्ज मागे घ्यायचा म्हणून नवा कोट घालून गेले. जानेवारीची तारीख कधी येतेय असं झालं होतं.

पण ह्या वेळी त्यांना आधी आत घेतलं. मला बोलावलं तर आत न्यायाधीश आणि हे खाली बघत बसलेले. म्हातारे म्हणाले, यजमानांनी तुमचं सगळं मान्य केलंय. त्यांचं म्हणणं, ती उतावळी आहे, तिला आणखी एका तारखेसाठी ताटकळत ठेवू नका.

न्यायाधीशांनी वाचलं. मान्य आहे का विचारलं. हे हो म्हणाले, चांगलं मोठ्यानं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर माझं तोंड बंद नसतं, आणि तिथं एवढंसं हो बाहेर पडलं.

दोघं दारात भेटू नयेत म्हणून ह्यांना आधी सोडलं. मी खोलीत बसून राहिले. कारकून मुलगी म्हणाली, जा आता. मी तिला पुढची तारीख विचारली. ती म्हणाली, काकू, संपलं, आता तारीख नसते.

लोणचं पाठव. खारट असलं तरी चालेल.

तुझ्याशिवाय आता कुणी नाही, विसरू नकोस.
मित्सुए