लॅपटॉपला लावलेला कौल

होसतोट, ता. शिरसी

चि. विघ्नेश्वर यास भावोजींचे अनेक आशीर्वाद. बंगळूरची हवा तुला मानवली असेल आणि पोटाची तक्रार मिटली असेल, अशी आशा करतो. इकडे सुपारी वाळत घातली आहे, माझा गुडघा दुखतो आहे आणि तुझी बहीण माझ्याशी धड बोलत नाही. पहिल्या दोन गोष्टी दरवर्षीच्या आहेत. तिसरीसाठी हे पत्र. (फोन का केला नाही, असं विचारशील. रेंज येते ती फक्त गोठ्यामागच्या कट्ट्यावर, आणि सध्या रुसून ती तिथेच बसते.)

भांडणाचं मूळ तू दिलेला तो छोटा लॅपटॉप. त्याची विंडोज सगळ्यात खालच्या पायरीची. तिच्यात पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नाही. घर आपलं आणि भिंतीवर कॅलेंडर दुसऱ्याचं, असा प्रकार. आता माघात आमच्या शर्वाणीचं लग्न. तुमच्या आईने म्हटलेली लग्नाची गाणी भागीरथीने त्या लॅपटॉपमध्ये भरून ठेवली होती, हे तुला ठाऊक आहेच. आई गेल्यावर ती गाणी येणारं गावात कुणी उरलं नाही, आणि तिचा आवाज जगात फक्त त्या डबीत आहे. मांडवात गाणी वाजतील तेव्हा पडद्यावर आईचा फोटो हवा, असा भागीरथीचा हट्ट. शिरसीच्या दुकानातला उमेश म्हणाला, सोपं आहे, एक लांबलचक नंबर टाकला की वरची पायरी उघडते, आतलं काही जात नाही, बहुतेक. त्या ‘बहुतेक’ने माझी झोप उडवली. आधी कॉपी काढावी, तर पेनड्राइव्हच्या दोन्ही खाचांत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. ते मी खिळ्याने काढलं आणि त्याबरोबर खाचाही निकालात निघाल्या. उमेश आतली डिस्क काढून द्यायला तयार आहे. पण तो काहीही उघडून परत जोडतो तेव्हा दोन स्क्रू उरतात, त्यामुळे तो विचार सोडला.

शेवटी मी गणपतीच्या देवळात कौल लावला. पुट्टभट्टांनी मूर्तीवर फुलं लावली. मी हात जोडून विचारलं, आहे तसंच राहू देऊ का? उजवं फूल टपकन पडलं, म्हणजे होकार. मी आनंदाने घरी येऊन सांगितलं, तर भागीरथी म्हणाली, “मी सकाळीच जाऊन आले. करून टाकू का म्हणून विचारलं. उजवंच पडलं!” दोघं तडक पुट्टभट्टांकडे गेलो. ते म्हणाले, “हेगडेरे, देवाने दोघांचंही ऐकलंय. आता तुम्ही एकमेकांचं ऐका.” (दक्षिणा दोघांचीही घेतली होती.)

काल संध्याकाळी मी सुपारीच्या तोटातून आलो, तर भागीरथीने सबंध नंबर टाकलेला आणि बोट बटणावर. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, “सोडा.” मी म्हटलं, “आवाज गेला तर?” ती म्हणाली, “आणि नाही गेला तर?” बोट तिथेच, माझा हातही तिथेच. विघ्नेश्वरा, खरं सांगतो, मला भीती वाटत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणजे तिलाही वाटत होती. तेवढ्यात शर्वाणी आतून आली आणि म्हणाली, “अप्पा, आधी गाणी लावून माझ्या फोनवर रेकॉर्ड करा की!” इतके दिवस हे आम्हा दोघांना सुचलं नव्हतं, आणि गणपतीनेही सुचवलं नाही.

मग फोन जवळ ठेवून सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. आरतीच्या गाण्यात आमच्या कुकरची शिट्टी आली आहे आणि पाठवणीच्या गाण्यात माझी शिंक. तरी आवाज जपला गेला. बटण मात्र अजून कुणी दाबलेलं नाही. शिंकेसकट आवाज आणि नुसता आवाज यांत फरक आहे, असं भागीरथीचं म्हणणं. ते मलाही पटतं.

कळावे, लोभ आहेच, तो सुट्टीअभावी कमी होऊ देऊ नये.
तुझा भावोजी,
सुब्राय हेगडे

ता.क. लग्नाला सुट्टी मिळत नाही असं तू कळवलंस. दोन दिवस आधी येऊन ते बटण तू दाब. आई तुझीही आहे, आणि काही बिघडलं तर शिव्या मला खायला नकोत.

ता.क. दुसरा. शेवटचं गाणं संपलं की आम्ही नेहमी बंद करायचो. काल बंद करायचं राहिलं. त्यापुढे आई तुझं नाव घेऊन काही बोलली आहे. काय, ते मी लिहिणार नाही. ऐकायचं असेल तर इथे ये.

विघ्नेशा, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. यांचं काही मनावर घेऊ नकोस. आई एवढंच म्हणते, “पुरे झालं गं. विघ्नेश आला वाटतं, दार उघड.” — भागीरथी