शेवटची दया

३ जून
आलो एकदाचे! चर्चच्या मागेच दोन खोल्या, ऑर्गन भात्यासकट ठणठणीत, आणि मी गायनशिक्षिका! धाकटी बहीण सोबत आहे. आई गेल्यापासून मीच तिची आई. तिचा आवाज ऐकून फादर खूश झाले. पडदे लावले, चहा झाला, माझ्या पसाऱ्यावरून धाकटीची बोलणीही खाल्ली. बरं वाटलं.

८ जून
तालमीत डोकं फिरलं. ‘प्रभो, दया कर’ तीनदा, ‘ख्रिस्ता, दया कर’ तीनदा, पुन्हा ‘प्रभो’ तीनदा, असं सगळीकडे गातात. इथले लोक शेवटची ओळ गातच नाहीत! तोंडं मिटून दाराकडे बघत बसतात. घंटा वाजवणारे आजोबा म्हणाले, ती ओळ आपली नाही बाई. आपली नाही म्हणजे? आळसाला नुसती निमित्तं! रविवारी ती धाकटी एकटी गाईल, असं बजावून सांगितलं.

१२ जून
काय गायली पोरगी! लोक मात्र एकेक करत उठून गेले. फादर तर मान वर करेनात. घरी आल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. अंग तव्यासारखं तापलंय. खोकल्यातून काजळीसारखं काळं पडतंय.

१५ जून
डॉक्टरांनी हात टेकले. आजोबांना धरलं, तेव्हा कुठे बोलले. फार पूर्वी शेजारच्या घराला आग लागली. पेटलेली बाई चर्चचं दार बडवत होती, दया करा म्हणून. आत प्रार्थना चालली होती. ती मोडायला नको म्हणून कोणी कडी काढली नाही. उलट आवाज चढवले. तेव्हापासून शेवटची ओळ तिची. दुसऱ्या कुणी गायली की ते माणूस तिच्या जागी जातं— दाराबाहेर.

आग लागो असल्या भक्तीला! बाहेर माणूस जळतंय आणि हे आत देवाकडे दया मागतायत! आणि मला आधी सांगायला काय तोंडाला कुलूप होतं मेल्यांच्या?

१९ जून, रविवारची प्रार्थना (मिस्सा) चालू
इथेच ऑर्गनपाशी बसून लिहितेय, उद्या कोणी माहीत नव्हतं म्हणायला नको. धाकटी घरी खाटेवर आहे. पण दाराबाहेर तिचाच आवाज— ताई, दया कर— सगळ्यांना ऐकू येतोय. फादर खुणावतायत, ऑर्गन वाजवा, दार उघडू नका, उघडेल त्याला—

नाही वाजवत, जा!

सगळ्यांनी चढवले आवाज. पुन्हा तेच! निर्लज्ज कुठले—

ताई म्हणतेय. माझी आहे ती.

फटीतून धूर. कडी भाजतेय. पदराने धरून— आले गं, आ—